टोपली खाली राहिली

मी टोपली बोलतेय. फळांची नाही, फुलांची नाही, बुटांची. हसू आलं ना? येऊ दे. एका आलिशान यॉटच्या दाराशी माझी चार वर्षं लोकांच्या बुटांचा वास घेण्यात गेली. आता मला लाज उरलेली नाही.

मला एका नवरा-बायकोने वेताची विणली. तो बूड विणायचा, ती काठ. दिवसभर दोघांचे हातही चालू आणि तोंडंही. "बूड घट्ट घ्या जरा," ती म्हणायची. "तू तुझा काठ बघ," तो म्हणायचा. त्या भांडणात माझं बूड मात्र असं पक्कं झालं की आजही त्यातली एक काडी सैल नाही. मी पावांसाठी विणलेली. एखाद्या बेकरीत गरम पावांच्या उबेला आयुष्य जाईल, अशी स्वप्नं बघत मी दुकानात बसले होते, आणि मला उचललं यॉटवरच्या बाईने. पाव गेले आणि पाय आले! नशिबापुढे कुणाचं चालतं?

यॉटवर कुणी बूट घालून चढत नाही. सागवानी डेकला टाचांचे वळ पडतात, म्हणून मालक असो, पाहुणा असो की नोकर, सगळे अनवाणी. बोट बंदराला लागली की तिच्यातून एक लांब फळी खाली टाकतात. त्या फळीच्या पायथ्याशी, धक्क्यावर माझी जागा. बूट माझ्यात, माणूस वर. निघायच्या वेळी आधी मला वर घ्यायचं, मग फळी ओढायची, मग दोर सोडायचे. पुढच्या बंदरात मी परत पायथ्याशी. एवढंच माझं काम, आणि ते मी कधी चुकवलं नाही.

बूट काढताना माणूस खरा दिसतो, कारण तेव्हा वाकावं लागतं. हिऱ्यांची अंगठी घातलेल्या माणसाच्या मोज्याला भोक असायचं, आणि ते लपवायला तो अंगठा आत मुडपायचा. पाहुणे बूट ठेवायचे नाहीत, टाकायचे. कुणीतरी मागून येऊन जोड्या लावणार, हे त्यांना जन्मापासून ठाऊक असल्यासारखं.

त्या जोड्या लावणारी म्हणजे ताई. दुकानातून मला उचललं तेही तिनेच. खोल्या, जेवणाची टेबलं, कपडे धुणं, इस्त्री, पाहुण्यांचे रुसवेफुगवे, हा सगळा बोटीच्या आतला कारभार तिच्याकडे. अठरा वर्षं बोटींवर काढलेली बाई. वयाने दहा वर्षं मोठा असलेला कप्तानसुद्धा तिला ताईच म्हणायचा. इंजिनांच्या आवाजात इतकी वर्षं काढून तिला एका कानाने कमी ऐकू यायचं. तिचे स्वतःचे बूट काळे, चपटे, पट्ट्याचे. डावी टाच बाहेरून झिजलेली आणि आत फडक्याची घडी. दिवसाचे सोळा तास अनवाणी धावणाऱ्या बाईचे पाय संध्याकाळी बुटांत मावत नसत, तरी ती ओठ दाबून पट्टा लावायची.

मग टीव्हीवाले आले.

बोटीवरच्या नोकरांची कामं आणि भांडणं चित्रित करून मालिका करायची, असं त्यांनी मालकाशी ठरवलं. लिहिलेली गोष्ट नाही, पाठ केलेलं बोलणं नाही, सगळं खरं, असं ते सांगायचे. प्रत्येकाच्या कमरेला एक डबी आणि सदऱ्याच्या आतून छातीपाशी हरभऱ्याएवढा माइक. आणि एक नियम: कॅमेरावाले नसतातच. समोर कॅमेरा घेऊन माणूस उभा असला तरी त्याच्या आरपार बघायचं. त्याचं नाव काढायचं नाही, त्याला धडकलात तरी 'सॉरी' म्हणायचं नाही. मला तर गंमतच वाटायची. सगळं खरं, फक्त दहा माणसं नाहीतच!

त्यांची मुख्य एक बाई होती. कामाला वाघीण, बोलायला साखर. कुठलीही गोष्ट पुन्हा करून हवी असली की म्हणायची, "अजून एकदाच." डेकवरच्या मंडळींनी तिचं नाव एकदाचबाई ठेवलं होतं.

पहिल्याच वर्षी ताई एकदा रडली. इस्त्रीच्या खोलीत, जळलेला टेबलक्लॉथ हातात धरून. आचारी तिला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलला होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंड वाकडं झालेलं. एवढासा तुकडा, पण टीव्हीवर लागला आणि मग फोनाफोनांवर फिरला. त्याला कुणीतरी गमतीचं संगीत लावलं. लोक पोट धरून हसले.

ताईची मुलगी तेरा वर्षांची, मावशीकडे राहणारी. शाळेतल्या पोरी तिला बघितलं की तोंड वाकडं करून नाक पुसायच्या. आठ दिवस ती शाळेत गेली नाही. महिनाभर आईशी बोलली नाही.

हे मला कसं कळलं? नोकरांना फोन करायची परवानगी फक्त किनाऱ्यावर. ताई फळीवरून उतरायची, माझ्या शेजारी बसायची, आणि त्या कानामुळे फोन स्पीकरवर ठेवायची. सगळं माझ्या कानावर पडायचं. महिन्याने जेव्हा पोरीने फोन घेतला तेव्हा ती एकच वाक्य बोलली होती.

"परत टीव्हीवर रडलीस ना, तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही."

"नाही रडणार," ताई म्हणाली. "तुझी शपथ."

"माझी कशाला घेतेस? स्वतःची घे."

"बरं बाई, माझी शपथ."

पुढच्या वर्षी ताई परत कामावर आली ती हा शब्द पदरात बांधून.

आणि एकदाचबाईला नेमके तिचे अश्रूच हवे होते. गेल्या वर्षीचं रडणं किती लाख लोकांनी बघितलं हे तिला तोंडपाठ होतं. तिने ताईची खोली बदलून तिला त्याच आचाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून ठेवलं. आठवड्याची सुट्टी दोनदा रद्द झाली. पाहुण्यांच्या तक्रारी आधी ताईच्या हाताखालच्या पोरींना सांगायच्या आणि मग कॅमेरा लावून ताईला. ताई गालाची आतली बाजू चावायची, आणि हातातला रुमाल घडी घालून ठेवायची. डोळे ठणठणीत कोरडे.

एकदा फळीपाशीच एकदाचबाई तिला म्हणाली, "प्रेक्षकांचा तुझ्यावर जीव आहे गं ताई. पण तू उघडतच नाहीस."

"मी काय डबा आहे उघडायला?" ताई म्हणाली आणि माझ्यातले बूट लावायला वाकली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण एकदाचबाई हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं.

आता तो दिवस सांगते. सांगवत नाही, पण सांगते.

नऊ पाहुणे होते त्या खेपेला. कुणीतरी मोठा कारखानदार, त्याची बायको, मेव्हणे आणि सासूबाई. दुपारी पुढच्या बंदरात टेकडीवरच्या मोठ्या हॉटेलात त्याने जेवण ठेवलं होतं, त्याच्या धंद्यातल्या बड्या लोकांना बोलावून. सकाळी आम्ही निघायच्या तयारीत. माझ्यात पाहुण्यांचे नऊ जोड आणि नोकरांचे अकरा, मी काठोकाठ भरलेली.

एक कॅमेरावाला धक्क्यावर उतरला होता. बोट सुटताना त्याला किनाऱ्यावरून टिपायची होती. मागाहून तो छोट्या मोटरबोटीने गाठणार होता. त्याने कॅमेरा लावला, एक डोळा मिटला, आणि पुटपुटला, "ही टोपली मध्येच येतेय." मग आला, आणि पायाने सरकवत सरकवत मला दोर बांधायच्या जाड लोखंडी खुंटामागे नेऊन ठेवलं. वाईट मनात काही नव्हतं त्याच्या. चित्र नीट यावं एवढंच.

फळीच्या वरच्या टोकाला ताई आली. फळी ओढायच्या आधी पायथा बघायचं काम तिचं. तिने खाली बघितलं. जागा रिकामी. अठरा वर्षं तिने तेच बघितलं होतं, की जागा रिकामी म्हणजे टोपली वर आली. डेकवरच्या कुणीतरी नेली असेल, असं तिला वाटलं. तिने अंगठा वर केला. फळी गेली. दोर सुटले. मी खुंटामागून बघतेय, बोट हलतेय, ताईची पाठ दिसतेय. अहो, मला तोंड असतं तर मी बंदर डोक्यावर घेतलं असतं!

कॅमेरावाल्याने सामान आवरलं आणि मोटरबोटीत बसून गेला. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. त्याचंही बरोबरच, तो तर तिथे नव्हताच ना.

दोन तासांनी बंदराच्या पहारेकऱ्याला मी सापडले. त्याने फोन लावला, टॅक्सी बोलावली, आणि मला मागच्या सीटवर ठेवून स्वतः पुढे बसला. आम्ही पोचलो तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नऊच्या नऊ पाहुणे यॉटवरच्या पांढऱ्या टॉवेलच्या सपाता घालून टेकडीवर गेले, आणि हॉटेलच्या दरवानाने त्यांना आत सोडलं नाही. आत बडे लोक टेबलाशी बसलेले, आणि काचेतून त्यांना सगळं दिसतंय.

"माझ्या सासूला सपाता घालून दारातून परत पाठवलं!" कारखानदार फळीवर उभा राहून ओरडत होता. "सासूला!" सासूबाई मागे शांतपणे म्हणाल्या, "मला त्या सपाता बऱ्या वाटल्या हो. बूट चावतातच मला." पण त्यांचं कोण ऐकतंय. कॅमेरा कारखानदाराच्या तोंडावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कप्तानाने ताईला मागच्या डेकवर बोलावलं. एरवी असली बोलणी वर त्याच्या खोलीत होतात. पण एकदाचबाई म्हणाली, "गोष्ट टोपलीची आहे, तर टोपली दिसायला हवी." मला वर आणून दोघांच्या मध्ये ठेवलं. रिकामी. आयुष्यात पहिल्यांदा मी डेकवर मानाने बसले, ती अशी.

कप्तानाने घसा साफ केला. "ताई, फळी उचलायच्या आधी टोपली वर आली की नाही, हे बघणं कुणाचं काम?"

"माझं," ताई म्हणाली. "मी बघितलं. जागा रिकामी होती. कप्तानसाहेब, टोपली फळीशीच ठेवली होती. पहारेकऱ्याला ती खुंटामागे मिळाली, आणि धक्क्यावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. ह्यांनी ती—"

"कट!" एकदाचबाई पुढे आली. "ताई, 'ह्यांनी' नाही म्हणायचं. आम्ही नसतो ना इथे."

"मग कुणी हलवली म्हणू? वाऱ्याने?"

"तसं म्हण हवं तर. अजून एकदाच."

ताईने कॅमेरावाल्याकडे बघितलं. तो कॅमेऱ्याच्या मागे आणखी खाली वाकला. मग तिने कप्तानाकडे बघितलं.

"तुम्हाला ठाऊक आहे ना, काय झालं ते?"

कप्तानाने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. "ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "पण पाहुण्यांना कुणीतरी गेलेलं बघायचंय. आणि यांनाही. माझ्याने होईल तेवढं बोललो मी मालकांशी, ताई. माझंही घर आहे."

मला त्याचा राग आला. अजूनही आहे. ज्या बाईने अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्या, तिच्यासाठी याच्या तोंडून एक वाक्य निघू नये?

कॅमेरा परत सुरू झाला. "बघणं कुणाचं काम?" "माझं." "मग?" ताईने माझ्याकडे बघितलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. कप्तानाने तिला कामावरून काढल्याचं सांगितलं. तिने मान हलवली. डोळ्यांत टिपूस नाही.

पुढचं आता ऐका. करारात लिहिलेलं होतं, की निघतानाचं चित्रण पुरं झाल्याशिवाय कुणी निघायचं नाही. मला परत फळीच्या पायथ्याशी ठेवलं, ताईचे काळे बूट माझ्यात. ताई बॅग घेऊन उतरली, वाकली, बूट घातले, पट्टे लावले, धक्क्यावरून चालत गेली. पाठ ताठ.

"फार भरभर चाललीस गं. अजून एकदाच."

ताई परत आली. बूट काढले, माझ्यात ठेवले, अनवाणी फळी चढून वर गेली. ज्या बोटीवरून तिला काढलं होतं, त्याच बोटीवर. परत उतरली. या खेपेला म्हणे तिने कॅमेऱ्याकडे बघितलं. परत बूट काढले, परत वर. पाय सुजलेले, पट्टा बसेना. तिसऱ्या वेळी एकदाचबाई फळीशी येऊन अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मुलगी आहे ना घरी? चालताना तिचा विचार कर."

"तिचाच करतेय," ताई म्हणाली.

आणि तिसऱ्यांदाही ती कोरड्या डोळ्यांनी चालत गेली. एका बाईला एका दिवसात तीनदा कामावरून काढलं, आणि तिन्ही वेळा ती रडली नाही. मी साक्ष आहे.

"झालं, छान," एकदाचबाई म्हणाली, पण तिचा आवाज छान नव्हता. कॅमेरे बंद झाले, मंडळी जेवायला गेली. धक्क्यावर कुणी उरलं नाही. ताई परत माझ्याशी आली, बॅगेवर बसली, पट्टे सैल केले, फोन लावला. नेहमीसारखा स्पीकरवर.

"मला काढलं गं," ती म्हणाली.

"का?" पोरीचा आवाज.

"एक टोपली खाली राहिली."

"टोपलीसाठी?" मग, "रडलीस?"

"नाही."

"खरं सांग."

"तीनदा शूटिंग केलं मेल्यांनी. तिन्ही वेळा नाही."

मग पोरगी म्हणाली, "म्हणजे तू घरी येतेयस?"

"हो."

"राहायला?"

"हो, राहायला."

"आई, थांब हं, फोन ठेवू नकोस, मी मावशीला सांगते गादी काढायला. तू माझ्या खोलीत झोप. मावशीकडे नाही हं, माझ्याकडे. मावशी! अगं मावशी, आई येतेय!"

ताईचं तोंड उघडं राहिलं. आणि मग तिला जे भरून आलं ते थोपवेना. तिने फोन दोन्ही हातांनी छातीशी घट्ट दाबून धरला, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि रडली. हुंदक्यांवर हुंदके. वर्षभराचं साठलेलं, अठरा वर्षांचं साठलेलं. बाई गं, मला हात असते तर पाठीवरून फिरवला असता!

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, आवाज सारखा केला आणि फोन तोंडाशी नेला. "अगं इथे इंजिन सुरू आहे कुणाचं तरी, नीट ऐकू येत नाहीये. उद्या येते मी. जेवलीस का?"

फोन ठेवून ती उठली तेवढ्यात टीव्हीवाल्यांतला एक जण धावत आला. गळ्यात ऐकायची यंत्रं लटकवलेला. "ताई, माइक राहिला तुमचा," तो म्हणाला. तिच्याकडे न बघताच त्याने कमरेची डबी घेतली, सदऱ्याच्या आतला तो हरभऱ्याएवढा माइक काढला. डबीवरचा लाल दिवा लागलेला होता. ताईला त्याचा अर्थ त्या वेळी लागला नाही. मलाही नाही लागला.

तिने जाताना माझ्या काठावर हात ठेवला. "येते गं," म्हणाली. एवढ्या वर्षांत माझा निरोप घेणारी ती एकटीच.

पुढे माझंही फार दिवस राहिलं नाही. मोसम संपला तसा कुठल्यातरी कंपनीने आपलं नाव कोरलेला स्टीलचा चकचकीत पेटारा बोटीला दिला. मला पहारेकऱ्याला देऊन टाकलं. आता मी त्याच्या चौकीत असते. माझ्यात दोन मोडक्या छत्र्या, एकुलता एक हातमोजा आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. माझा काठ एका बाजूने उसवलाय. पावसाळी दिवसांत ओल येते, वेत काळा पडत चाललाय. तक्रार नाही. बूड अजून शाबूत आहे.

चौकीत भिंतीवरच्या फळीवर एक छोटा टीव्ही आहे. परवा दुपारी पहारेकरी आणि क्रेन चालवणारा त्याचा दोस्त बसले होते. ती मालिका लागली. मी पडद्यावर आले, अगदी जवळून, रिकामी. "ही बघ, हीच ती!" पहारेकऱ्याने मला पायाने ढोसून दाखवलं. मग कप्तान. "बघणं कुणाचं काम?" "माझं." "चुकलं माझं." मधलं 'ह्यांनी' नव्हतं. कप्तानाचं 'ठाऊक आहे' नव्हतं.

मग ताई फळीवरून उतरली, बूट घातले आणि पाठमोरी चालू लागली. आणि त्या ताठ पाठीवर रडणं ऐकू आलं. तेच हुंदके. छातीशी फोन दाबला होता ना, तिथलेच. पोरीचा आवाज त्यांनी कापून टाकला होता. 'आई येतेय' नव्हतं, गादी नव्हती. नुसतं रडणं.

पहारेकऱ्याने उसासा टाकला. "नोकरी गेली की असंच होतं रे माणसाचं."

"असली नोकरी परत मिळते होय," दोस्त म्हणाला.

दोघे चांगले आहेत, मनापासून हळहळले. लाखो लोक हळहळले असतील, नाहीतर हसले असतील. मला त्यांचं काही नाही. मला एकाच पोरीची काळजी आहे, मावशीच्या घरात टीव्हीसमोर बसलेली. तिला आईने सांगितलं होतं, तिन्ही वेळा नाही रडले. आणि पडद्यावर तर आई रडत चाललीय. शेजारी आई बसलेली असेल आणि काय सांगावं हे तिला कळत नसेल. तिने कितीही सांगितलं, तरी कानांनी ऐकलेलं पोरगी खोटं कसं मानेल?

पोरी, मी टोपली. मला तू ओळखत नाहीस, आणि माझं तुझ्यापर्यंत पोचेल असंही वाटत नाही. पण तिथे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मलाच सांगायला हवं. तुझ्या आईने शब्द मोडला नाही. कॅमेरा होता तोवर तिच्या डोळ्यांतून थेंब काढायला कुणाला जमलं नाही. ती रडली ती तुझी हाक ऐकून रडली, आणि तेही तुला कळू नये म्हणून फोन छातीशी धरून. आज झोपताना भिंतीकडे तोंड करू नकोस गं.